लपवला डबा, तुडवला सडा

गटाच्या बैठकीत आपण कर्ज, हप्ते, म्हशीचा विमा, शिलाई मशीन यांवर नेहमीच बोलतो. आज मी एका खेळाविषयी बोलणार आहे. खेळ परदेशातून आलेला आहे आणि खेळणारे बहुतेक शहरातले आहेत. पण खेळायला लागते ती मोकळी जागा, म्हणजे आपल्या उशाचा डोंगर, आपला सडा आणि आपली देवराई. म्हणून त्याची माहिती आपल्याला असलेली बरी.

खेळाचं नाव जिओकॅशिंग. यातल्या ‘कॅश’चा रोकडीशी काही संबंध नाही. लपवून ठेवलेला साठा, असा त्याचा अर्थ. एक जण छोटासा डबा घेतो, त्यात एक वही आणि चार किरकोळ वस्तू ठेवतो आणि तो कुठंतरी लपवतो. त्या जागेचे आकडे, म्हणजे अक्षांश-रेखांश, मोबाईलवरून सगळ्यांना कळवतो. मग दुसरे लोक ते आकडे बघत बघत जागा गाठतात, डबा शोधतात, वहीत नाव लिहितात आणि डबा होता तसा ठेवून परत येतात. लहानपणी आपण मातीत काडी लपवायचो आणि दुसऱ्यानं ती शोधायची, त्यातलाच हा प्रकार.

खेळ सुरू झाला मे २००० मध्ये, अमेरिकेत. उपग्रहावरून जागा दाखवणारी जीपीएस ही व्यवस्था तिथल्या सरकारची. सामान्य लोकांना जागा नेमकी कळू नये म्हणून त्यात मुद्दाम थोडी चूक ठेवलेली असायची. ती चूक २ मे २००० रोजी काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात डेव्ह उल्मर यांनी झाडीत एक काळी बादली ठेवून तिचे आकडे जाहीर केले. बादलीत पुस्तकं होती, थोडे पैसे होते, एक गलोल होती आणि घेवड्याच्या दाण्यांचा हवाबंद टिनही होता. आज असे तीस लाखांहून जास्त डबे जगभर लपवलेले आहेत. आपल्याकडे अजून थोडे आहेत, पण तशाच धर्तीचे ‘खजिना शोध’ आता शिबिरांमधून आणि सहलींमधून सर्रास खेळले जातात.

ती पहिली बादली अर्धी जमिनीत पुरलेली होती. पुढं खेळणारे वाढले, लोक डबे पुरायला आणि उकरायला लागले तर काय होईल हे लक्षात आलं, आणि खेळाचे नियम ठरले. डबा पुरायचा नाही. झाडाला खिळा मारायचा नाही. ज्याची जागा त्याची परवानगी घ्यायची. डब्यात खाण्याची वस्तू ठेवायची नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत तर उद्यानाच्या परवानगीशिवाय असा डबा ठेवताच येत नाही. म्हणजे खेळ वाईट नाही. उलट पोरं मोबाईल घेऊन का होईना, घराबाहेर पडतात, चालतात, डोंगर बघतात. प्रश्न एवढाच आहे की डबा शोधताना पायाखाली जे येतं त्याची जबाबदारी कुणाची.

आता एक हिशेब करू. हप्त्यांचा हिशेब आपण बोटावर करतो, हाही तसाच आहे. मोबाईल जागा दाखवतो ती अगदी बोट ठेवल्यासारखी नसते. उघड्या आभाळाखाली पाच मीटर इकडं-तिकडं होऊ शकतं. झाडीत किंवा कड्याच्या आडोशाला त्याहून जास्त. शिवाय ज्यानं डबा ठेवला त्याच्या मोबाईलचीही चूक त्यात मिळते. समजा, दोन्ही मिळून दहा मीटरचा फरक पडला. मग शोधणारा माणूस दहा मीटरच्या वर्तुळात फिरत राहतो. हे वर्तुळ भरतं ३१४ चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. म्हणजे डबा तळहाताएवढा, पण तुडवली जाते तीन गुंठे जागा. एक जण तुडवून गेला तर गवत पुन्हा उभं राहतं. पन्नास जण गेले तर तिथं पायवाट पडते, आणि पायवाट दिसली की एकावन्नावा माणूस विचार न करता त्याच वाटेनं जातो.

ही तीन गुंठे जागा कुठली आहे, यावर सगळं अवलंबून आहे. मुरमाचं माळरान असेल तर फार बिघडत नाही. पण आमच्या सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडचे सडे तसे नाहीत. वर नुसता जांभा दगड. त्याच्या खोलगट भागात चार बोटं माती साचते आणि पावसात पाणी थांबतं. तेवढ्याशा मातीवर गेंद, सोनकी, तेरडा, मंजिरी उगवतात. सीतेची आसवं आणि दवबिंदू ही इवलीशी झाडं तर किडे पकडून खातात, कारण त्या मातीत त्यांना पुरेसं पोषणच मिळत नाही. वायतुरा सड्यावरच्या पाण्यात फुलतो, आणि तो आपल्या साताऱ्याच्या पठारांवर आढळतो. कंदीलपुष्पाचा कंद मातीत लपलेला असतो. त्यातल्या खरपुडीचे कंद गुराखी पोरं उकरून खायची हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. डबा शोधताना कुणी दगड उलटला, माती उकरली, की असा कंद वर येतो आणि वाळून जातो.

कारवीचं तर आपल्याला माहीतच आहे. तिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती आपल्या आज्यांनी सारवल्या आहेत. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी टाकते आणि वाळून जाते. सहाव्या वर्षी कुणी तिच्यात घुसून ती मोडली, तर सहा वर्षं थांबलेलं फूल गेलं, बी गेलं आणि मधमाशीचा मधही गेला.

कास पठाराचं उदाहरण जवळचं आहे. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात कास आहे. नाव झालं आणि गर्दी आली. फुलं बघायला आलेली माणसं फोटोसाठी फुलांतच बसायला लागली. शेवटी दिवसाला किती लोकांना सोडायचं याची ३००० ची मर्यादा घालावी लागली. कासला निदान पहारा आहे, आजूबाजूच्या गावांची समिती आहे. नाव नसलेल्या सड्यांवर आपल्याशिवाय कुणीच नाही.

आमच्या गटापुढं हा प्रश्न प्रत्यक्ष आला म्हणून मी हे सगळं शोधून वाचलं. शहरातल्या एका तरुण मंडळानं विचारलं, ‘ताई, सप्टेंबरमध्ये आमची साठ मुलं-मुली येतील, तुमच्या गटाकडून जेवण मिळेल का?’ पिठलं-भाकरी, रानभाजी, ताक आणि ठेचा. दीडशे रुपये ताट. साठ ताटांचे नऊ हजार रुपये. दहा जणींच्या गटाला हे काम कमी नाही. मग त्यांनी सांगितलं की आदल्या दिवशी ते बारा डबे लपवणार आहेत, आणि मुलं दुसऱ्या दिवशी मोबाईल घेऊन ते शोधणार आहेत. जागा कुठल्या म्हणून विचारलं, तर बारापैकी पाच सड्यावर, ऐन फुलांच्या खोलगट भागात होत्या. नकाशावर ती जागा मोकळी दिसत होती, म्हणून त्यांनी निवडली होती.

आमच्या बैठकीत यावर चांगली तासभर चर्चा झाली. एक जण म्हणाली, ‘आपल्याला जेवणाशी मतलब. ते वर काय करतात ते त्यांचं ते बघतील.’ तिच्या घरी पोरीची फी भरायची होती, तिचं म्हणणं मी हलकं मानत नाही. एक मावशी म्हणाल्या, ‘आमची गुरं रोज सड्यावर जातात. खुरानं काय मोडत नाही आणि बुटानं मोडतंय व्हय?’ प्रश्न अगदी रास्त होता. त्याला उत्तर दिलं ते स्वतः गुरं राखणाऱ्या आमच्या दुसऱ्या एका ताईंनी. त्या म्हणाल्या, ‘म्हस चरत चरत पुढं जाती. एका जागी शंभर येरझाऱ्या घालत न्हाई, आन दगड उलटून खाली काय हाय ते बी बघत न्हाई.’ त्या पुढं म्हणाल्या की गुरांनी गवत खाल्लं की बारीक फुलांना ऊन मिळतं, गवत माजलं तर तीच फुलं दबतात. एवढ्या नेमक्या शब्दांत हे मला पुस्तकातही सापडलं नव्हतं.

शेवटी ठरलं असं, की जेवणाचं काम घ्यायचं, पण डब्यांच्या जागा आपण बघितल्याशिवाय नाही. जो आपल्या गावात माणसं बोलावतो, त्यांना जेवू घालून पैसे घेतो, तो या कामात अर्धा भागीदार असतो. नफ्यात भागीदार आणि नुकसानीत परका, असं चालत नाही. गटाच्या कर्जालाही आपण दहा जणी मिळून जामीन असतो, तसंच हे.

मंडळाचे दोघे जण आले. त्यांच्याबरोबर आम्ही तिघी सडा चढलो. फुलांच्या खोलगट जागा दाखवल्या, कंद कुठं असतात ते दाखवलं. त्यांतला एक मुलगा म्हणाला, ‘पण ताई, डबा सोप्या जागी ठेवला तर खेळाची मजा जाते.’ आमच्या मावशी म्हणाल्या, ‘जागा सोपी ठेव, कोडं अवघड घाल.’ आणि तसंच केलं. पाच डबे सड्यावरून खाली आणले. एक पाणंदीच्या कडेला, एक तलावाच्या दगडी बांधावर, एक जुन्या पाराखाली, एक चावडीच्या भिंतीला आणि एक देवळापुढच्या दीपमाळेपाशी, गुरवांना विचारून. कोडी आमच्या बायकांनी घातली. दीपमाळेचं कोडं होतं, ‘अंगभर डोळे, वर्षभर मिटलेले, कार्तिकी पुनवेला उघडतात.’ शहरातल्या पोरांना ते सुटायला अर्धा तास लागला. मजा काही कमी झाली नाही.

बाकी अटी कागदावर लिहून घेतल्या. वीस-वीसच्या तुकड्या करायच्या. गुराच्या वाटेनंच जायचं आणि त्याच वाटेनं यायचं. दगड उलटायचा नाही. दहा मिनिटांत डबा सापडला नाही तर तिथं असलेल्या बाईला विचारायचं. डब्यात खाऊ ठेवायचा नाही. आणि संध्याकाळी बारा डबे मोजून परत घेतल्याशिवाय गाडी हलणार नाही.

दिवस चांगला पार पडला, पण अगदी बिनघोर नाही. संध्याकाळी अकराच डबे भरले. बारावा शोधायला सगळे पुन्हा निघाले, तेव्हा तो खाली घाणेरीच्या जाळीत सापडला, झाकण चावलेलं. कुणीतरी अट मोडून त्यात चॉकलेट ठेवलं होतं आणि माकडांनी डबा पळवला होता. दोन दिवसांनी आम्ही सड्यावर गेलो तेव्हा एका ठिकाणी वळण टाळून पोरं आडवी गेलेली दिसली. पंधरा-वीस पावलांची पट्टी, गेंद आडवा पडलेला. म्हणजे वाट तोंडानं सांगून भागत नाही. पुढच्या खेपेला तिथं दोरी बांधायची किंवा आपलं माणूस उभं करायचं, असं गटाच्या वहीत लिहून ठेवलं आहे.

नुकसान फक्त पायाखाली मोडण्यानंच होतं असंही नाही. बुटाबरोबर माती येते आणि मातीबरोबर रोग येतो. न्यूझीलंडमध्ये कौरी नावाचे प्रचंड वृक्ष आहेत, शेकडो वर्षं जगणारे. त्यांच्या मुळांना एक रोग लागतो आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. त्या रोगाचे जंतू मातीत असतात, आणि चिमूटभर माती बुटाला लागली तरी ते दुसऱ्या झाडापर्यंत पोचतात. म्हणून तिथं जंगलात शिरताना आणि बाहेर पडताना बूट घासून, औषध मारून जावं लागतं. ऑकलंडजवळच्या जंगलातल्या कित्येक वाटा २०१८ मध्ये बंद केल्या गेल्या. आपल्याला हे नवीन वाटू नये. आल्याची कंदकूज एका रानातून दुसऱ्या रानात मातीनं आणि पाण्यानं जाते, म्हणून रोगट रानातून आलेलं अवजार आपण धुऊन घेतो. गाजर गवताचं बीसुद्धा चिखलाबरोबर येतं. सड्यावर चढण्याआधी पाहुण्यांना ‘बूट झटका’ म्हणणं एवढं सोपं काम आपण करू शकतो.

आणि डबाच हवा असंही नाही. याच खेळात २००४ पासून एक प्रकार आहे, त्याची सुरुवात ऑस्ट्रेलियात झाली. त्यात काहीच लपवलेलं नसतं. आकडे गाठायचे, तिथला दगड, माती, डोंगर नीट बघायचा आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पाठवायचं. उत्तर तिथं गेल्याशिवाय देता येत नाही, म्हणून खेळही होतो. आपल्या सड्यावर जांभा दगड कसा आहे, झरा कुठून निघतो, असे प्रश्न आपणच तयार करू शकतो. ते प्रश्न विचारायला आणि वाट दाखवायला गटातली एखादी मुलगी बरोबर गेली तर तिलाही चार पैसे मिळतील.

आता जबाबदारीचं बोलू. शोधणाऱ्याची जबाबदारी आहेच. पण तो बिचारा आकडे सांगतील तिकडं जातो. त्याचे पाय कुठं पडणार हे डबा लपवणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. म्हणून मोठी जबाबदारी जागा निवडणाऱ्याची. त्यानं ती जागा भर पावसाळ्यात पायांनी जाऊन बघितली पाहिजे, नुसती नकाशावर नाही. डबा ठेवल्यावर पुन्हा जाऊन बघितलं पाहिजे, आणि पायवाट पडायला लागली असेल तर डबा उचलला पाहिजे.

हाच न्याय बाकीच्यांनाही लागतो. कंदीलपुष्पाचा फोटो काढून नेमकी जागा मोबाईलवर टाकणारा, पन्नास रुपयांसाठी पाहुण्यांना फुलांच्या मधोमध नेऊन उभं करणारा आपलाच पोरगा, या सगळ्यांनी दुसऱ्याचे पाय त्या जागेकडं वळवलेले असतात. फोटो टाकायला हरकत नाही. तालुक्याचं नाव सांगा, झाडाचा पत्ता सांगू नका.

आपल्यापुरतंही बघू. गौरीसाठी आपण तेरडा आणतो. तेरड्याचा रंग तीन दिवस, पण त्याचं बी पुढच्या वर्षाचं असतं. तेरडा एकसाली आहे, बोंड तडकून बी पडलं तरच पुढच्या भादव्यात तो उगवेल. म्हणून एका जागचा सगळा उपटायचा नाही, थोडा इथून, थोडा तिथून घ्यायचा. भारंगीचा कोवळा पाला खुडताना आपण झाड राखतो, हे आपल्याला सासूनं शिकवलेलं आहे. जे आपण पाळतो तेच पाहुण्याला सांगायला लाजायचं कारण नाही.

शेवटी कामाच्या दोन गोष्टी. जैवविविधता कायदा २००२ साली झाला. त्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावातल्या झाडा-प्राण्यांची लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. येत्या ग्रामसभेत विचारा, आपली समिती कोण, नोंदवही कुठं आहे, त्यात आपल्या सड्याची झाडं आहेत का. नसतील तर ज्या बायका रान ओळखतात त्यांना बसवून लिहून घ्या. उद्या कुणी डबे लपवायला आलं, तर ‘इथं नको’ म्हणताना हातात कागद असेल. आणि जागा राखीव वनाची असेल तर वन विभागाची परवानगी आहे का, हे पहिल्यांदा विचारा.

दुसरी गोष्ट, पुढच्या मासिक बैठकीत गावाचा एक कच्चा नकाशा काढा. पाहुण्यांना कुठं न्यायचं, कुठं फक्त लांबून दाखवायचं आणि कुठं अजिबात न्यायचं नाही, अशा तीन खुणा करा. तासाभराचं काम आहे. त्या नकाशावर गटातल्या सगळ्यांत वयस्कर बाईचं बोट आधी फिरू द्या.

तुमच्या गावच्या नकाशात काय काय निघालं ते केंद्रावर नक्की कळवा. राम राम.